रेसर्पिन

रेसर्पिन हे सर्पगंधा (रॉवोल्फिया सर्पेन्टिना) या भारतीय झुडपाच्या मुळापासून मिळणारे इंडोल वर्गातील अल्कलॉइड आहे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५२ साली ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. उच्च रक्तदाब आणि छिन्नमनस्कता या दोन अगदी भिन्न विकारांवर ते जगभर वापरले गेले. मनोविकारांवरील औषध म्हणून त्याचा काळ थोड्या वर्षांचा ठरला आणि रक्तदाबाच्या उपचारांतूनही ते आता जवळजवळ मागे पडले आहे. तथापि मध्यवर्ती चेतासंस्थेवर कार्य करणाऱ्या औषधांच्या अभ्यासात त्याचे स्थान मोठे आहे. मेंदूतील संदेशवाहक रसायने कोठे साठवली जातात, ती संपली तर काय होते आणि कंपवातात नेमके काय बिघडते, या प्रश्नांची पहिली उत्तरे रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांवरील प्रयोगांतून मिळाली.

शुद्ध रेसर्पिनच्या गोळ्या आज क्वचितच लिहून दिल्या जातात. सर्पगंधेचे चूर्ण व वट्या मात्र आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांत सहज मिळतात आणि ‘झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही’ या समजुतीने झोपेसाठी किंवा रक्तदाबासाठी घेतल्या जातात. त्यामुळे या द्रव्याच्या कार्याची माहिती केवळ इतिहासापुरती मर्यादित राहत नाही.

नाव व वनस्पती

सर्पगंधा हे अ‍ॅपोसायनेसी कुळातील, साधारण अर्धा मीटर उंचीचे सदाहरित झुडूप आहे. कण्हेर व सदाफुली याच कुळातील होत. मराठीत सर्पगंधेस अडकई, हरकी अशीही नावे आहेत. हिमालयाचा पायथा, आसाम, पूर्व भारत व पश्चिम घाट येथील ओलसर, सावलीच्या जंगलांत ती आढळते. महाराष्ट्रात कोकणात व सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात ती तुरळक दिसते.

‘सर्पगंधा’ या शब्दाची फोड दोन प्रकारे केली जाते: सापासारखा गंध असलेली, किंवा जिच्या गंधाने साप दूर पळतात ती. मुळाच्या नागमोडी आकारामुळे हे नाव रूढ झाले, असेही सांगितले जाते. पण ‘गंधा’ या पदाचा त्यात काहीच उलगडा होत नाही. हे नाव चरक व सुश्रुत यांच्या संहितांत येते. तेथील सर्पगंधा व आजची सर्पगंधा एकच, याविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही. शास्त्रीय नावातील ‘रॉवोल्फिया’ हा शब्द लेओनहार्ट राउव्होल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ आहे. त्याचा प्रवास सीरिया व इराकपर्यंतच झाला. ज्या वनस्पतीला त्याचे नाव मिळाले ती त्याने कधी पाहिली नाही.

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या औषधींवरील संवादग्रंथात ‘सर्पकाष्ठ’ म्हणून काही मुळांचे वर्णन केले आहे. त्यांपैकी एक सर्पगंधा असावी, असे मानले जाते. नागाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस ही वनस्पती खाते, ही कथा त्या काळीही प्रचलित होती. बिहारमध्ये हे मूळ ‘पागल की दवा’ या नावाने ओळखले जाई. साप आणि वेड या दोन गोष्टींशी जोडली गेलेली ही कीर्ती पुढे प्रयोगशाळेत तपासली गेली. वेडाविषयीच्या कीर्तीत तथ्य निघाले. सापाविषयीच्या कीर्तीत ते निघाले नाही.

भारतातील संशोधन

आधुनिक अभ्यासाची सुरुवात १९३१ साली एकाच वेळी दोन ठिकाणी झाली. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली आणि संस्थेचे प्रवर्तक हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्यांपैकी एकास ‘अजमलिन’ असे नाव दिले. हृदयाच्या काही दुर्मीळ विकारांच्या निदानासाठी अजमलिन आजही उपयोगात आहे. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर या मुळाचा उपयोग होतो, असा निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत प्राण्यांवर प्रयोग करून मुळाच्या अर्काचा शामक व रक्तदाब उतरवणारा गुण पडताळला. हे सर्व निबंध भारतीय नियतकालिकांत आले आणि पाश्चात्त्य वैद्यकाने त्यांची फारशी दखल घेतली नाही.

ती दखल घ्यायला लावली मुंबईच्या रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) यांनी. ते किंग एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ होते. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’च्या ऑक्टोबर १९४९ च्या अंकात त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेच्या गोळ्यांचा काय परिणाम झाला, याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर उपाय फारच थोडे होते: मिठाचा कडक त्याग, झोपेची औषधे, किंवा पाठीच्या कण्याजवळील चेतातंतू छेदणारी अवघड शस्त्रक्रिया. अशा वेळी साध्या गोळीने रक्तदाब उतरतो, ही बातमी लहान नव्हती. या अहवालानंतर बॉस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी अमेरिकेत चाचण्या सुरू केल्या. १९५७ साली वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

वकील यांनी वापरलेले औषध म्हणजे मुळाची प्रमाणित गोळी होती, शुद्ध रसायन नव्हे. मुळातील कोणते द्रव्य काम करते, हा प्रश्न बाझेलमधील म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी १९५२ साली रेसर्पिन वेगळे करून सोडवला. सिबाने ते ‘सर्पासिल’ या नावाने बाजारात आणले. १९५६ मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी प्रयोगशाळेत त्याचे संपूर्ण संश्लेषण केले. एवढा गुंतागुंतीचा रेणू घडवणे हे त्या काळी रसायनशास्त्रातील मोठेच साहस होते. वुडवर्ड यांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तदाबावरील औषधांच्या निमित्ताने भारतात नावारूपाला आलेल्या या सिबा कंपनीने १९६३ साली मुंबईत गोरेगाव येथे संशोधन केंद्रही उभारले.

मनोरुग्णालयांतील वापर

१९५३ मध्ये अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मनोरुग्णांवर सर्पगंधेच्या वापराविषयी एका वैद्यकीय परिषदेत निबंध वाचला. त्याचा वृत्तान्त न्यूयॉर्कपर्यंत पोहोचला आणि तेथील रॉकलंड राज्य रुग्णालयातील नेथन क्लाइन यांनी शेकडो रुग्णांना मूळ व रेसर्पिन देऊन १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेक वर्षे बंद वॉर्डांत असलेले, सतत उत्तेजित असणारे रुग्ण शांत होऊन बोलू लागले, असे त्यांनी नोंदवले.

या घटनेचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळची स्थिती लक्षात घ्यावी लागते. १९५५ साली एकट्या अमेरिकेत सार्वजनिक मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार रुग्ण होते. विजेचे झटके, इन्सुलिनने आणलेली बेशुद्धी, मेंदूवरील शस्त्रक्रिया आणि साखळदंड हेच उपाय होते. भारतात रुग्णालयांची संख्या फार कमी, म्हणून बहुतेक रुग्ण घरीच, बहुधा कोंडून ठेवलेले असत. सातारा–सांगली भागातील कुटुंबांना येरवडा किंवा रत्नागिरीचे मनोरुग्णालय गाठावे लागे. त्या दोन ठिकाणांची नावे बोलीत टोमण्यासारखी वापरली जातात, यावरून लोकांच्या मनातील धास्ती कळते.

पॅरिसमध्ये १९५२ साली आलेले क्लोरप्रोमाझिन आणि रेसर्पिन ही मनोविकारावरील आधुनिक औषधांची पहिली जोडी होय. दोहोंत स्पर्धा झाली व क्लोरप्रोमाझिन टिकले. रेसर्पिनचा गुण यायला आठवडे लागत, रक्तदाब नको तितका उतरे, आणि मानसिक विकारांसाठी रोज कित्येक मिलिग्रॅम द्यावे लागत असल्याने दुष्परिणामही ठळक होते. १९६० च्या सुमारास मनोविकारोपचारातून ते मागे पडत गेले.

कार्यपद्धती

मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला संदेश देते तो रसायनांच्या मार्फत. त्यांतील डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन व सेरोटोनिन ही मोनोअमाइन गटातील रसायने आहेत. ही रसायने चेतापेशीच्या टोकाशी असलेल्या अतिसूक्ष्म पुटिकांत भरून ठेवलेली असतात. विद्युत्-संदेश आला की पुटिका आपले द्रव्य दोन पेशींमधील फटीत सोडतात. पुटिकेच्या आवरणात एक प्रथिन असते. पेशीद्रवातील रसायन ओढून आत भरणे हे त्याचे काम. त्याला मोनोअमाइन वाहक म्हणतात व त्याचे दोन प्रकार आहेत. मेंदूत मुख्यतः दुसरा प्रकार असतो. रेसर्पिन दोन्ही वाहकांना घट्ट चिकटते आणि त्यांचे काम बंद पाडते.

सांगलीजवळच्या हरिपूर येथील हळदीची पेवे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही रचना लवकर उमजेल. जमिनीखालील पेवांत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहत असे. पेव म्हणजे पुटिका, हळद म्हणजे डोपामिनसारखे रसायन आणि पोती आत उतरवणारा हमाल म्हणजे वाहक प्रथिन. रेसर्पिन पेव फोडत नाही, हळदही नासवत नाही. ते फक्त हमालाचे हात धरून ठेवते. माल उघड्यावर पडून राहतो आणि कीड लागून संपतो. पेशीत ही कीड म्हणजे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर. काही तासांत साठा रिता होतो आणि मागणी आली तरी पाठवायला काही उरत नाही. (उपमा येथवरच खरी आहे. पेवांतून हळद कधीतरी काढतात. पुटिकांची भर-उतार क्षणाक्षणाला चालू असते, म्हणून त्या इतक्या झपाट्याने रिकाम्या होतात.)

या कार्यपद्धतीवरून औषधाचे बहुतेक गुणदोष उलगडतात. रक्तवाहिन्यांना आकुंचन पावण्याचा आदेश देणाऱ्या चेतातंतूंत नॉरअ‍ॅड्रेनलिन संपले की रक्तदाब उतरतो व नाडी मंदावते. मेंदूत तिन्ही रसायने घटली की सुस्ती व भावनिक उदासीनता येते. डोपामिन फार घटले की हातापायांत ताठरपणा, कंप, मंद हालचाली, म्हणजे कंपवाताचे चित्र दिसू लागते. दुसरीकडे नियंत्रण ढिले पडून पराअनुकंपी चेतासंस्थेचा जोर वाढतो. त्यामुळे नाक चोंदते, जठरात आम्ल वाढते, जुलाब होतात.

रेसर्पिनची पकड जवळजवळ न सुटणारी असते. नव्या पुटिका पेशीच्या मुख्य भागात तयार होऊन टोकापर्यंत पोहोचेपर्यंत साठा पूर्ववत होत नाही. म्हणून औषध रक्तातून निघून गेल्यावरही त्याचा परिणाम अनेक दिवस, कधी दोन-तीन आठवडे टिकतो. ‘काल गोळी बंद केली, आज दुसरी सुरू केली’ हा हिशेब येथे चालत नाही.

सशाचे कान आणि कंपवाताचे औषध

रेसर्पिन दिल्यावर मेंदूतील सेरोटोनिन नाहीसे होते, हे १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. एखादे औषध दिले असता मेंदूतील विशिष्ट रसायन घटते आणि त्याबरोबर वर्तन बदलते, असा सरळ संबंध प्रथमच मोजता आला. तोवर पेशी-पेशींतील संवाद मेंदूत विजेनेच चालतो, असे मानणाऱ्यांचा पक्ष बलवान होता.

ब्रोडी यांच्याकडे काही काळ काम करून स्वीडनला परतलेले आर्व्हिड कार्लसन यांनी पुढचा प्रश्न विचारला. रेसर्पिन दिलेला ससा निश्चल बसून राहतो, कान पाडतो. ही अवस्था सेरोटोनिनच्या अभावाने येते की दुसऱ्या कशाच्या? त्यांनी सशांना डोपा हे द्रव्य टोचले. पेशीत डोपापासून डोपामिन व पुढे नॉरअ‍ॅड्रेनलिन बनते. थोड्याच वेळात ससे कान उभारून हिंडू लागले. सेरोटोनिनचे पूर्वद्रव्य दिले असता असे घडले नाही. हा निबंध १९५७ साली ‘नेचर’मध्ये आला. पुढील वर्षी डोपामिन हे केवळ मधल्या पायरीचे रसायन नसून मेंदूत त्याला स्वतंत्र कार्य आहे, असे कार्लसन यांनी मांडले. सशांची ती अवस्था कंपवातासारखी असल्याने मानवी कंपवातातही डोपामिनच कमी पडत असावे, हा तर्क मग सुचला. १९६० साली व्हिएन्नात एरिंगर व होर्निकीविच यांनी मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी करून तो खरा ठरवला. लेव्होडोपा हे कंपवाताचे आजही प्रमुख असलेले औषध याच वाटेने आले. कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. लेव्होडोपा ज्या वनस्पतींच्या बियांत भरपूर असते त्यांपैकी एक म्हणजे आपल्या बांधावरची खाजकुयली. तिच्या बियांतून ते १९३७ साली मद्रासमध्ये वेगळे केले गेले होते. मात्र त्याचा मेंदूशी संबंध तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. कंपवाताचे चित्र निर्माण करणारे द्रव्य आणि ते दूर करणारे द्रव्य, दोन्ही याच मातीतल्या झुडपा-वेलींत होती.

नैराश्याचा वाद

१९५४ पासून रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र नैराश्य आल्याचे अहवाल येऊ लागले. काहींनी आत्महत्येचा प्रयत्न केला. एडवर्ड फ्राइस यांनी त्याच वर्षी दीर्घकाळ मोठी मात्रा घेणाऱ्यांविषयी असा इशारा दिला. मोनोअमाइने घटली आणि मन खचले, यावरून ‘नैराश्य म्हणजे मेंदूतील मोनोअमाइनांची कमतरता’ हा सिद्धान्त आकाराला आला. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी तो नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या संदर्भात व्यवस्थित मांडला. क्षयरोगासाठी तयार केलेले इप्रोनियाझिड रुग्णांना उल्हसित करते आणि तेच मोनोअमाइनांचा नाश थांबवते, ही गोष्टही या सिद्धान्ताला पूरक ठरली.

पाठ्यपुस्तकांत ही कथा इतकी नेटकी सांगितली जाते की तिच्यातील विसंगती झाकली जाते. १९५५ साली लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील डेव्हिस व शेफर्ड यांनी चिंताग्रस्त व खिन्न रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला रेसर्पिन व दुसऱ्याला निष्क्रिय गोळी दिली. रेसर्पिन घेणाऱ्यांची स्थिती सुधारली. सिद्धान्तानुसार ती बिघडायला हवी होती. ‘लॅन्सेट’मध्ये आलेला हा निबंध नंतर बराच काळ विस्मरणात गेला. पुढे जुन्या अहवालांची छाननी झाली तेव्हा असे दिसले की नैराश्य आलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीही तो आजार होता, मात्रा मोठी होती, आणि गाढ सुस्तीलाच काही ठिकाणी नैराश्य म्हटले गेले होते. यावरून रेसर्पिन निर्दोष ठरत नाही. नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्यांना ते देऊ नये, हा नियम आजही कायम आहे. मात्र एका औषधाच्या दुष्परिणामावरून संपूर्ण आजाराचे कारण ठरवणे घाईचे होते, एवढे निश्चित म्हणता येते. नैराश्यावरील सध्याची बहुतेक औषधे या सिद्धान्ताच्या छायेत शोधली गेली. ती अनेकांना लागू पडतात, पण ती का लागू पडतात याचे पूर्ण उत्तर ‘कमतरता भरून निघते’ इतके सोपे नाही.

रक्तदाबाचे औषध म्हणून

कमी मात्रेतील रेसर्पिन मूत्रल औषधाबरोबर दिल्यास रक्तदाब चांगला आटोक्यात राहतो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत फ्राइस यांनीच केलेल्या, १९६७ व १९७० साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत हायड्रोक्लोरोथायझाइड, रेसर्पिन व हायड्रालझिन यांचा एकत्रित वापर होता. रक्तदाब उतरवल्याने पक्षाघात व हृदयविकाराचे अनर्थ टळतात, हे त्यांतून प्रथम निर्विवाद सिद्ध झाले. भारतात डायहायड्रालझिनबरोबरची संयुक्त गोळी ‘अ‍ॅडेल्फेन’ या नावाने अनेक दशके चालली. साठीपुढच्या वाचकांना वडीलधाऱ्यांच्या उशाशी ती पाहिल्याचे आठवत असेल.

१९७४ मध्ये रेसर्पिनमुळे स्तनांचा कर्करोग होतो, अशी शंका ‘लॅन्सेट’मधून व्यक्त झाली. पुढील अभ्यासांत तिला पुष्टी मिळाली नाही, पण औषधाची प्रतिष्ठा सावरली नाही. दरम्यान सुस्ती न आणणारी नवी औषधे आली होती आणि पेटंटबाह्य, अत्यल्प किमतीच्या रेसर्पिनची बाजू घेण्यात कोणाही उत्पादकाला रस नव्हता. २००९ च्या कोक्रेन आढाव्यात मोजक्या चार चाचण्यांच्या आधारे ते रक्तदाब उतरवते असे म्हटले आहे. दुष्परिणामांविषयी ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही.

मात्रा, दुष्परिणाम व चूर्णाचा प्रश्न

रक्तदाबासाठी रेसर्पिनची प्रचलित मात्रा दिवसाला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम आहे. कोरड्या मुळात रेसर्पिनचे प्रमाण स्थूलमानाने ०.१ टक्क्याच्या आसपास असते, पण झाडाचे वय, जमीन, काढणीचा हंगाम यांनुसार ते बरेच बदलते. या हिशेबाने एक ग्रॅम चूर्णात सुमारे एक मिलिग्रॅम रेसर्पिन असू शकते. म्हणजे वरील मात्रेच्या चौपट ते दहापट. चूर्णातून ते सगळेच शोषले जाईल असे नाही, शिवाय मुळात अजमलिन, सर्पेन्टिन, रेसिनॅमिन इत्यादी इतर अल्कलॉइडेही असतात, तेव्हा ही तुलना काटेकोर नाही. तरीही अर्धा चमचा चूर्ण म्हणजे किरकोळ गोष्ट, हा समज यातून दूर व्हावा. जाणकार वैद्य ते मोजून व रुग्णाची प्रकृती पाहूनच देतात.

नैराश्य, जठरव्रण, कंपवात, अपस्मार व मंद नाडी असलेल्यांनी तसेच गर्भवतींनी रेसर्पिन अथवा सर्पगंधा टाळावी. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणाऱ्या औषधांबरोबर ती घेतल्यास रक्तदाब एकाएकी चढू शकतो. कंपवातासाठी लेव्होडोपा घेणाऱ्याने सर्पगंधा घेणे म्हणजे एका हाताने भरून दुसऱ्याने उपसणे होय. मानसिक आजाराची औषधे चालू असताना घरच्यांनी ‘शांत झोपेसाठी’ म्हणून चूर्ण सुरू केले, तर वाढलेली सुस्ती आजाराची की चूर्णाची हे डॉक्टरांनाही ओळखता येत नाही. म्हणून ते घेतल्याचे सांगणे आवश्यक आहे. चालू औषधे आपल्या मनाने एकाएकी थांबवणे हेही तितकेच धोक्याचे असते.

सर्पदंश व सर्पगंधा

नावामुळे आणि जुन्या ग्रंथांतील उल्लेखांमुळे हे मूळ सापाच्या विषावर उतारा आहे, असा समज अजून आढळतो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा हे नागपंचमीच्या जिवंत नागांच्या पूजेमुळे देशभर ज्ञात झालेले गाव. वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) व न्यायालयाचे आदेश यांमुळे त्या प्रथेवर निर्बंध आले. नागाशी इतकी जवळीक असलेल्या आणि उसाचे फड दूरवर पसरलेल्या या मुलखात हा समज तपासून पाहणे आवश्यक ठरते.

नाग व मण्यार यांचे विष चेतातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते. नागाचे विष स्नायूवरील ग्राहक अडवते, मण्यारीचे विष चेतातंतूच्या टोकालाच निकामी करते. पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. तेथील संदेशवाहक अ‍ॅसिटिलकोलिन आहे. मोनोअमाइनांचा त्या सांध्याशी संबंध नाही. घोणस व फुरसे यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. तेथेही रेसर्पिनला करण्यासारखे काही नाही. उलट मूळ उगाळून पाजल्याने येणारी ग्लानी विषाच्या लक्षणांत मिसळते, घोणशीच्या दंशाने आधीच घसरू शकणारा रक्तदाब आणखी उतरण्याचा धोका असतो आणि सर्वांत मोलाचा असा वेळ वाया जातो. या चारही सापांवर चालणारी प्रतिसर्पविष लस हाच उपाय आहे व ती शासकीय रुग्णालयांत दिली जाते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री झोपेत होतो व फारसा दुखत नाही, त्यामुळे सकाळी पापण्या उघडत नसलेल्या माणसाला ‘झोप पुरली नाही’ म्हणून निजू देण्याचे प्रकार घडतात.

नंतरची औषधे

रेसर्पिनच्याच वाहकावर काम करणारे टेट्राबेनाझिन १९५० च्या दशकात हॉफमन-ला रोश कंपनीत तयार झाले. ते मुख्यतः मेंदूतील दुसऱ्या प्रकारच्या वाहकाला अडवते व त्याची पकड काही तासांत सुटते. म्हणून रक्तदाबावर परिणाम कमी आणि मात्रा आटोक्यात ठेवणे सोपे. हंटिंग्टन विकारातील अनावर हालचालींसाठी अमेरिकेत २००८ साली त्याला मान्यता मिळाली. २०१७ मध्ये त्याच कुळातील ड्युटेट्राबेनाझिन व व्हॅलबेनाझिन आली. मनोविकारावरील औषधे वर्षानुवर्षे घेतल्याने काहींच्या जीभ, ओठ व जबड्याच्या ज्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात, त्यांवर ती दिली जातात. नैराश्याचा इशारा हंटिंग्टन विकारात या औषधांच्या वेष्टनावरही छापलेला असतो. प्रयोगशाळांत रेसर्पिन स्वतः अजून वापरात आहे: ते दिलेले उंदीर कंपवाताचा नमुना म्हणून आणि नव्या औषधांच्या चाचणीसाठी उपयोगी पडतात.

वनस्पतीची स्थिती

मूळ हाच औषधी भाग असल्याने काढणी म्हणजे झाड उपटणे. जगभर मागणी वाढली तेव्हा जंगलांतून प्रचंड खोदाई झाली. भारतातून निर्यातीवर निर्बंध आल्यावर रेसर्पिनचे प्रमाण अधिक असलेली आफ्रिकेतील रॉवोल्फिया व्होमिटोरिया ही जाती उद्योगाचा मोठा स्रोत बनली. सर्पगंधा आज संकटग्रस्त वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या जिल्ह्यांतील जंगले येतात. त्यातील कोयना व चांदोली या भागांतून कोणतीही वनौषधी खणून नेणे बेकायदा आहे. लागवड शक्य आहे, पण बियांची उगवण कमी होते आणि मुळे काढण्याजोगी व्हायला साधारण दीड ते तीन वर्षे लागतात.

बाजारात सर्पगंधेच्या नावाखाली रॉवोल्फिया टेट्राफायला या मूळच्या अमेरिकी झुडपाची मुळे मिसळली जातात. हे झुडूप रस्त्याकडेला व पडीक जागी सहज वाढते. जिवंत झाड पाहिल्यास फरक ओळखता येतो: सर्पगंधेची पाने बहुधा तीन-तीनच्या मंडलात, फुले पांढरी व देठ लालसर; दुसऱ्याची पाने चार-चारच्या मंडलात आणि त्या चारांचा आकार सारखा नसतो. वाळलेल्या व दळलेल्या चूर्णात हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो सूक्ष्मदर्शकाने किंवा रासायनिक परीक्षणानेच कळतो.